प्रकल्पातली उचलेगिरी कशी ओळखायची: दहावी-बारावीच्या नव्या शिक्षकांसाठी

ज्युनिअर कॉलेजात नव्याने लागलात की पहिल्याच वर्षी प्रकल्पांचा गठ्ठा तुमच्या टेबलावर येणार, हे धरून चाला. जुने शिक्षक लेखी पेपर वाटून घेतात आणि प्रकल्प ‘नवीन मॅडमना द्या’ म्हणून मोकळे होतात. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, कुठल्याही स्टाफरूममध्ये हीच रीत आहे.

परीक्षेच्या हॉलवर भरारी पथक येतं, कॉपीमुक्त अभियान असतं, केंद्रसंचालक असतात. प्रकल्पाच्या फाइलवर मात्र एकच सही असते, तुमची. आणि गुण काही थोडेथोडके नसतात. राज्य मंडळाच्या बारावीत भाषा आणि वाणिज्य शाखेच्या विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. सीबीएसईच्या अकाउंटन्सी, बिझनेस स्टडीज, इकॉनॉमिक्सला २० गुणांचा प्रकल्प असतो. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयात घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटला २० टक्के भार आहे. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षेला गुणांऐवजी श्रेणी असते, म्हणून तिथला प्रकल्प आणि जर्नल कोणी मनावर घेत नाही. सगळ्यात जास्त उचललेला मजकूर मला तिथेच सापडतो.

खालचा क्रम मी वापरतो तोच आहे. सॉफ्टवेअर त्यात मुद्दाम खूप खाली ठेवलं आहे.

हाताशी काय हवं

- प्रकल्पाची सॉफ्ट कॉपी, वर्ड फाइल किंवा गुगल डॉक्सची लिंक. नुसती पीडीएफ घेऊ नका.
- हस्तलिखित असेल तर त्याच विद्यार्थ्याची वर्गातली वही किंवा चाचणीचा पेपर.
- विषय मंजूर केल्याची तारीख आणि कच्चा मसुदा पाहिल्याची नोंद असलेला कागद.
- सर्व्हे असेल तर भरलेले मूळ फॉर्म.
- मागच्या दोन-तीन वर्षांचे प्रकल्प, निदान त्यांची यादी.
- विद्यार्थ्याची सही असलेलं ‘हे काम माझं आहे, घेतलेल्या मजकुराचे संदर्भ दिले आहेत’ असं प्रतिज्ञापत्र. दोन ओळी पुरतात.

१. विषय देतानाच निम्मं काम उरका

‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य: एक अभ्यास’ असा विषय दिलात तर तीस मुलं एकच माहिती आणून देतील: २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र १,६९० हेक्टर, २०२२ मध्ये रामसर यादीत समावेश. माहिती खरी आहे, पण ती शोधायला मुलाला खुर्चीतून उठावं लागत नाही.

त्याऐवजी असा विषय द्या ज्याचं उत्तर नेटवर असूच शकत नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं हे गुगल सांगतं. घणसोलीतल्या आपल्या इमारतीत गेल्या आठवड्यात नळाला कोणत्या दिवशी किती वाजता पाणी आलं, हे त्याला ठाऊक नाही. मासुंदा, कचराळी किंवा उपवन, घराजवळचा एक तलाव घ्यायचा, ठरलेल्या तीन रविवारी एकाच वेळी जायचं, काठावर काय दिसलं ते तारखेसह लिहायचं. वाणिज्य शाखेच्या मुलांनी गल्लीतल्या दोन दुकानदारांना उधारीच्या वहीबद्दल विचारायचं. असं काम उचलता येत नाही. फार तर खोटं रचता येतं, आणि रचलेलं पकडायची युक्ती पुढे चौथ्या पायरीत आहे.

वेळापत्रकही इथेच ठरवा. विषय ऑगस्टपर्यंत, कच्चा मसुदा दिवाळीच्या सुट्टीआधी, तोंडी डिसेंबरात. मसुदा पाहिला नसेल तर शेवटच्या फाइलशी तुलना करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

२. आधी नुसतं वाचा

पेन बाजूला ठेवून, गुण न देता, एकदा वाचून काढा. मुलांचा आवाज तुम्हाला वर्गात ऐकून माहीत असतो. तो मध्येच बदलला की कान टवकारतात.

मी ज्या खुणांवर थांबतो त्या अशा. एका परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका आणि पुढच्यात एकही नाही. ओळीच्या मध्येच चौकटी कंसातला चार किंवा सात असा आकडा, पण शेवटी संदर्भसूची नाही. हे विकिपीडियाचं उरलेलं शेपूट. ‘वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ आणि वर आकृतीच नाही. लाख-कोटी सोडून अचानक मिलियन. ‘सध्या २०१४ साली’ अशी वाक्यं. ‘आपल्या जिल्ह्यातील ऊस उत्पादक शेतकरी’ असं कोपरखैरण्याच्या मुलाने लिहिलेलं. ठाण्याची खाडी मध्येच ‘ओढा’ झालेली असेल तर इंग्रजी मजकूर यंत्राने मराठीत आणला आहे हे जवळपास नक्की. अशा वेळी ते वाक्य इंग्रजीत करून शोधा, मराठीत काहीच सापडणार नाही.

जर्नल हस्तलिखित असेल तर वही शेजारी ठेवा. आई, ताई किंवा पैसे घेऊन लिहून देणारं कोणी, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. अक्षर वेगळं दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका; हात मोडलेला असतो, लेखनिकाची परवानगी असते. आधी विचारा.

३. वाक्य शोधायची रीत

सगळा प्रकल्प गुगलमध्ये टाकायचा नाही. प्रत्येक प्रकरणातलं एक वाक्य निवडा. व्याख्या नको, कारण ती सगळीकडे सारखीच असते. ज्यात एखादं विशेषण किंवा वळण जरा वेगळं आहे, असं वाक्य घ्या. त्यातले सलग आठ-दहा शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधा. सापडलं नाही तर चिन्हं काढून पुन्हा शोधा, कारण मुलं दोन शब्द बदलतात, वाक्याचा सांगाडा तसाच राहतो.

मराठीसाठी दोन खास अडचणी लक्षात ठेवा.

एक, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतला अर्धा र संगणकावर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर अक्षर एकसारखंच दिसतं, पण शोधयंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. म्हणून शोधायच्या वाक्यात असा शब्द येऊ देऊ नका.

दोन, मराठी मजकूर उचलण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: मराठी विकिपीडिया, ऑनलाइन असलेला मराठी विश्वकोश, बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि वर्तमानपत्रांची संकेतस्थळं. शोधाच्या शब्दांपुढे त्या संकेतस्थळाचं नाव टाकून पाहिलंत तर वेळ वाचतो.

छापील मजकूर असेल तर मोबाइलवरचं गुगल लेन्स फोटोतून अक्षरं उचलून देतं. हस्तलिखित देवनागरीवर मात्र विसंबू नका, ते एक वाक्य स्वतः टाइप करा. फोटोही लेन्सने तपासा. ‘आम्ही केलेली क्षेत्रभेट’ या मथळ्याखालचा फोटो कुणाच्या तरी प्रवासवर्णनातून आलेला असतो आणि कोपऱ्यातला शिक्का कापलेला असतो.

४. मुलांची आपापसातली देवाणघेवाण

नेटवरून उचललेलं तुलनेने लवकर सापडतं. खरी डोकेदुखी वर्गातल्या वर्गात आणि मागच्या वर्षीच्या फाइलींची असते. शाळेच्या आवारातून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून एकच प्रकल्प दहा हातांत फिरतो.

इथे एक नियम कायम उपयोगी पडतो: सारखी बरोबर माहिती हा पुरावा नाही, सारखी चूक हा पुरावा आहे. पाच जणांनी अभयारण्याचं क्षेत्र १,६९० हेक्टर लिहिलं तर त्यात काहीच विशेष नाही. पण पाचही जणांनी १,९६० लिहिलं असेल, तर त्या पाचांचं मूळ एकच आहे. चुकीचं शुद्धलेखन, सुटलेला मुद्दा क्रमांक, तक्त्यातली एकाच जागची रिकामी चौकट, हे सगळं टिपून ठेवा.

दोन वर्ड फाइली शेजारी ठेवून डोळे फोडू नका. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘कम्पेअर’ आहे. दोन फाइली दिल्या की फरक रंगवून दाखवतो. कॉम्प्युटर सायन्सचे प्रोग्रॅम असतील तर स्टॅनफर्डचं मॉस किंवा जेप्लॅग वापरा. चलांची नावं बदलली तरी प्रोग्रॅमची रचना ती पकडतात.

सर्व्हेसाठी साधं गणित पुरतं. २५ जणांना विचारलं असेल तर प्रत्येक टक्का चारच्या पटीत यायला हवा, कारण एक माणूस म्हणजे चार टक्के. ‘६३ टक्के लोक प्लॅस्टिक पिशव्या वापरतात’ असं लिहिलं असेल, तर २५ माणसांतून तो आकडा निघूच शकत नाही. २० जण असतील तर पाचच्या पटीत. एवढं पाहिलं तरी रचलेले सर्व्हे भराभर उघडे पडतात. मग मूळ फॉर्म मागा. सगळ्या फॉर्मवर एकच निळं पेन आणि एकच अक्षर असेल, तर पुढे बोलायची गरजच नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. सगळ्या वर्गाचं ‘मॅटर’ सारखं असेल तर ते बाहेरच्या क्लासने दिलेलं असू शकतं, किंवा आपल्याच एखाद्या सहकाऱ्याने फळ्यावर उतरवून दिलेलं. दुसऱ्या प्रकारात मुलांना दोषी धरणं अन्यायाचं आहे. अशा वेळी आधी स्टाफरूममध्ये बोला.

५. फाइलच्या आत डोकावा

वर्डमध्ये ‘फाइल’ आणि मग ‘इन्फो’ उघडा. मूळ लेखक, शेवटचा बदल करणारा आणि एकूण संपादनाचा वेळ दिसतो. चाळीस पानांचा प्रकल्प आणि संपादन चार मिनिटं असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. फक्त प्रश्न विचारायला. फाइल दुसऱ्या नावाने सेव्ह केली, सायबर कॅफेत टाइप करून घेतली, थोरल्या भावाच्या लॅपटॉपवर केली, तरी हे आकडे विचित्र दिसतात. मूळ लेखकाच्या जागी झेरॉक्सवाल्याच्या संगणकाचं नाव असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे.

गुगल डॉक्स असेल तर ‘व्हर्जन हिस्टरी’ पाहा. त्यासाठी तुम्हाला संपादनाची परवानगी लागते, नुसत्या वाचायच्या लिंकवर ती दिसत नाही. हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. मजकूर दिवसागणिक वाढत गेला की एका फटक्यात येऊन पडला, ते तिथे स्वच्छ दिसतं.

६. आता सॉफ्टवेअर, आणि टक्क्यांचा सापळा

संस्थेकडे टर्निटिनसारखी, मजकुरातलं साम्य शोधून देणारी सेवा असेल तर उत्तम. गुगल क्लासरूममध्येही मूळपणा तपासणारा अहवाल मिळतो. मोफत आवृत्तीत त्याच्या वापरावर मर्यादा आहे. नेटवरच्या फुकट तपासनीस संकेतस्थळांवर फाइल जशीच्या तशी चढवू नका. मुलं अठरा वर्षांखालची असतात. नाव, सीट नंबर, शाळेचं नाव काढा आणि तेवढा परिच्छेदच टाका.

अहवालातला टक्का म्हणजे साम्य, चोरी नव्हे. संदर्भसूची, प्रश्नावली, कायद्यांची नावं, मुखपृष्ठावरची ठरलेली वाक्यं, सगळं त्यात मोजलं जातं. म्हणून टक्का न पाहता रंगवलेल्या ओळी उघडून वाचा. विखुरलेल्या तुकड्यांचे मिळून २५ टक्के निरुपद्रवी असू शकतात, आणि एकाच जागी सलग आलेले ८ टक्के म्हणजे अख्खं निष्कर्षाचं प्रकरण असू शकतं.

‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं’ हे वाक्य तुमच्या कानावर येईलच. ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतून आलं आहे. तिथे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर बंदी, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. पण हे प्रबंधांसाठी आहे. अवतरणं, संदर्भ, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश असं सगळं वगळून मग तो टक्का काढतात. बारावीच्या प्रकल्पाला तो पट्टा जसाच्या तसा लावू नका.

शून्य टक्क्यालाही भुलू नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही. त्याला नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. डीटीपीवाल्याकडून आलेल्या प्रकल्पांत हे हमखास असतं. एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य अक्षरं आली तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच तपासा. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ असली तरी तोच घोळ.

७. एआयने लिहिलेलं

नवे शिक्षक इथेच सर्वात जास्त घसरतात. एआयचा मजकूर ओळखणाऱ्या एखाद्या डिटेक्टरने ‘९२ टक्के एआय’ म्हटलं की मुलाला उभं केलं जातं. असं करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असा ओळखणारा आणला होता. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला, आणि त्याच वर्षी जुलैत त्यांनी तो बंद केला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा अनेक डिटेक्टरांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध दिले, तेव्हा माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक सरासरीने एआयचे ठरले. कारण सोपं आहे: मोजके शब्द, साधी, नियमात बसणारी वाक्यं. आपल्या सेमी-इंग्लिशमधून आलेल्या, जपून इंग्रजी लिहिणाऱ्या मुलामुलींचं लेखन असंच असतं. म्हणजे खोटा आरोप नेमका त्यांच्यावर येतो.

त्यापेक्षा संदर्भ तपासा. मुळात नसलेली पुस्तकं आणि कधीच न छापलेले लेख एआय बिनदिक्कत सांगतो. सूचीतले कोणतेही दोन संदर्भ घ्या आणि लेखक, वर्ष, पान जुळतं का पाहा. मी ठाण्याच्या मुलांना एक अट घालतो: निदान एक संदर्भ छापील पुस्तकाचा, त्या पानाच्या फोटोसह. १८९३ मध्ये सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या गावात आहे, त्याच्या पायऱ्या या निमित्ताने तरी चढल्या जातात.

तुमच्या मंडळाचा नियमही वाचून घ्या. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, त्या मंडळाने एआय सरसकट बंद केलेलं नाही. वापरलं तर अवतरणासारखं दाखवा आणि संदर्भ द्या, अशी त्यांची भूमिका आहे. शाळेने स्वतःचा नियम लेखी दिला नसेल, तर वर्ष सुरू होतानाच मुख्याध्यापकांकडून तो करून घ्या. नियम नंतर सांगून शिक्षा आधी देता येत नाही.

८. समोर बसवून बोला

माझ्या लेखी हीच खरी तपासणी. दहा मिनिटं, दुसरा एक शिक्षक सोबत, फाइल टेबलावर. सुरुवात आरोपाने नको, कामाने करा.

‘हा विषय का घेतलास?’ ‘हे प्रकरण लिहायला सगळ्यात अवघड कुठे गेलं?’ ‘पान १२ वर यूट्रोफिकेशन, म्हणजे पोषकद्रव्यं वाढून पाण्यात शेवाळ माजणं, असं लिहिलंयस, तुझ्या तलावात ते कशावरून ओळखलंस?’ ‘या तक्त्यातला हा आकडा कसा काढलास, इथे काढून दाखव.’ ‘हा दुकानदार कुठे बसतो?’

ज्याने काम केलंय तो अडखळेल, पण तपशील देईल: त्या दिवशी पाऊस होता, काकांनी आधी हाकललं, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बोलले. ज्याने उचललंय तो प्रकल्पातलीच वाक्यं पाठ म्हणतो आणि प्रश्न जरा वळवला की गप्प होतो. प्रकल्प इंग्रजीत असला तरी उत्तर मराठीत, हिंदीत, जमेल तसं देऊ द्या. तुम्हाला भाषा तपासायची नाही. आणि घाबरणं म्हणजे गुन्हा नव्हे. काही मुलं शिक्षकासमोर बसली की स्वतःचं नावसुद्धा विसरतात. अशांना पाणी द्या, लेखी उत्तर द्यायची मुभा द्या.

९. नोंद करा, मग ठरवा

एका कागदावर दोन रकाने आखा: डावीकडे विद्यार्थ्याचा मजकूर, उजवीकडे मूळ मजकूर, खाली पान, स्रोत आणि तारीख. संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट जोडा, पानं नंतर बदलतात. अशी जोडी समोर असली की पालकांशीही वाद होत नाही. नुसता ‘मला वाटतं’ असेल तर वाद नक्की होतो.

प्रकरणं मी तीन ढिगांत घालतो. संदर्भ द्यायचा राहिला: शिकवा आणि दुरुस्त करून घ्या. बराच भाग उचलला, पण बाकी काम स्वतःचं: तेवढा भाग पुन्हा लिहायला मुदत द्या, आणि मूळ कामापुरतेच गुण. अख्खा प्रकल्प दुसऱ्याचा: हे एकट्याने हाताळू नका. लेखी अहवाल करून प्राचार्यांकडे द्या. मंडळाला कळवायचं का हे तिथे ठरेल. ठाणे, पालघर, रायगड हे जिल्हे मुंबई विभागीय मंडळाखाली येतात आणि त्याचं कार्यालय वाशीला आहे.

गुपचूप पाच गुण कापणं ही सगळ्यात वाईट वाट. मुलाला कारण कळत नाही, आणि उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडे कागद नसतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव तर चुकूनही नको.

हे सगळं गुण पाठवण्याआधी संपलं पाहिजे. सीबीएसईच्या पोर्टलवर एकदा चढवलेले अंतर्गत गुण मागाहून बदलता येत नाहीत. राज्य मंडळाच्या शाळेत गुणपत्रकं सीलबंद व्हायच्या निदान आठवडाभर आधी तुमचे दोन रकाने भरलेले हवेत.

१०. निकालानंतर फाइलींचं काय

निकाल आणि त्यावरच्या तक्रारींची मुदत संपेपर्यंत सगळ्या फाइली कपाटात, कुलपात. नंतर आख्खा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊ नका, त्यातले बरे प्रकल्प जूनमध्ये पुन्हा विकायला येतात. प्रत्येक पानावर वर्षाचा शिक्का मारा किंवा पंचने आरपार भोक पाडा. मुखपृष्ठ आणि संदर्भसूचीचा फोटो काढून वर्षवार फोल्डरमध्ये टाका. पुढच्या वर्षी चौथ्या पायरीला तेच फोल्डर आधी उघडायचं.